जर्नल पूर्ण, प्रोग्रॅम अपुरा

सत्र संपत आले की महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत जर्नलांचे गठ्ठे जमू लागतात. अनुक्रमणिका, प्रयोगाचा क्रमांक, उद्देश, प्रोग्रॅम, शेवटी 'आउटपुट' आणि खाली शिक्षकांची सही. मूळ संख्या, पॅलिंड्रोम, फिबोनाची श्रेणी, आर्मस्ट्राँग संख्या, चढत्या क्रमाने मांडणी अशी दहापंधरा प्रात्यक्षिके झाली की जर्नल 'पूर्ण' होते. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक एक पान उघडून विचारतात, "ही खूण काढून इथे दुसरी घातली, तर काय होईल?" विद्यार्थी गप्प. प्रोग्रॅम त्याच्याच हस्ताक्षरात आहे, उत्तर बरोबर आहे, सहीसुद्धा आहे. पण त्या एका प्रश्नाने उघड होते, की हा प्रोग्रॅम त्याने लिहिलेला नाही, उतरवलेला आहे.

सातारा-सांगलीकडच्या शिक्षकांना हे चित्र नवे नाही. स्टाफरूममध्ये त्याची कारणेही ठरलेली असतात : मुले अभ्यास करत नाहीत, इंग्रजी कच्चे असते, गणिताचा पाया नसतो. या कारणांत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण ती पुरेशी असती, तर ज्यांचे इंग्रजी आणि गणित दोन्ही चांगले, त्यांना ही अडचण यायला नको होती. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत चार विद्यापीठांतील २१६ विद्यार्थ्यांना, प्रोग्रॅमिंगचा पहिला अभ्यासक्रम शिकून झाल्यावर, साधे प्रोग्रॅम लिहायला दिले होते. ११० पैकी सरासरी गुण पडले २२.८९. पुढे २००४ मध्ये सात देशांतील विद्यार्थ्यांची चाचणी झाली. तीत प्रोग्रॅम लिहायचा नव्हता. काही प्रश्नांत तर दिलेला छोटा तुकडा वाचून त्याचे उत्तर काय येईल एवढेच सांगायचे होते. तेही अनेकांना जमले नाही. मात्र ज्यांनी कागदावर प्रत्येक चलाची बदलती किंमत मांडत प्रोग्रॅम 'चालवून' पाहिला, त्यांची उत्तरे सहसा अधिक बरोबर आली.

थोडक्यात, दोष केवळ आपल्या मुलांचा नाही. तो शिकवण्याच्या रीतीत आहे, आणि आपल्याकडे ती रीत जर्नलाच्या रूपाने बांधून ठेवली आहे. म्हणून या लेखात आम्ही परीक्षण करणार आहोत ते विद्यार्थ्यांचे नव्हे, जर्नलाचे.

जर्नलाचा पहिला दोष असा, की त्यात फक्त यशाला जागा आहे. प्रोग्रॅम पहिल्या वेळी चालला नाही, दुसऱ्या वेळी भलतेच उत्तर आले, मग चूक सापडली, हा सारा प्रवास पानावरून गायब असतो. रसायनशास्त्राच्या वहीत निदान तीन वाचने तरी लिहावी लागतात. इथे एकच, आणि तेही बरोबर आलेले.

दुसरा दोष कर्मकांडाचा. बोर्लंड कंपनीचा 'टर्बो सी' १९८७ साली आला आणि आपल्या महाविद्यालयांत चांगलाच रुजला. कित्येक ठिकाणी तर नव्या यंत्रांवर जुन्या डॉसचा आभास निर्माण करून तो चालू ठेवला गेला. त्यात आधीच्या प्रोग्रॅमचे उत्तर पडद्यावर तसेच राही, म्हणून सुरुवातीला पडदा पुसण्याची आज्ञा. प्रोग्रॅम संपताच पडदा बदलून संपादकाचा येई, म्हणून शेवटी एखादी कळ दाबेपर्यंत थांबण्याची आज्ञा. या दोन्ही सोयी त्या कंपायलरच्या. 'सी' भाषेच्या १९८९च्या मानकात त्या नाहीत. पण त्या ओळींशिवाय प्रोग्रॅम चालतच नाही असे मानणारे विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत. का, असे विचारले तर उत्तर एकच : "सर, तसंच असतं." विज्ञानाच्या वर्गात हे उत्तर ऐकून आपण अस्वस्थ व्हायला हवे.

तिसरा दोष आमच्या मते सर्वांत मोठा. जर्नलातल्या उदाहरणांची उत्तरे विद्यार्थ्याच्या अनुभवात कुठेच बसत नाहीत. १५३ ही आर्मस्ट्राँग संख्या आहे की नाही, याने कोणाचे काही बिघडत नाही. पडद्यावर जे येईल ते तो उतरवून घेतो, कारण त्यावर शंका घेण्याइतके त्या विषयातले त्याच्यापाशी काही नसते. आणि यंत्राच्या उत्तरावर शंका घेता येणे हाच प्रोग्रॅमिंगचा आरंभ आहे.

शंका घेता येईल अशी उदाहरणे शोधायला लांब जायला नको. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून कृष्णा वाहते. तिच्याच काठची तीन उदाहरणे पाहू; सांगलीपासून उगमाकडे जाऊ.

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरली जाते. पातळी वाचून सूचना देणारा प्रोग्रॅम एखाद्या विद्यार्थ्याने असा लिहिला असे समजा :

पातळी वाचा.
जर पातळी ४० किंवा अधिक, तर "इशारा" छापा.
नाहीतर, जर पातळी ४५ किंवा अधिक, तर "धोका" छापा.
नाहीतर "सामान्य" छापा.

कंपायलर याला एकही चूक दाखवणार नाही. ३० फूट दिले तर "सामान्य" येईल, ४२ दिले तर "इशारा". दोन्ही बरोबर. जर्नलात ही दोन उत्तरे लिहून सही मिळेल. आता ५७ द्या. ऑगस्ट २०१९च्या महापुरात याच पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. प्रोग्रॅम शांतपणे छापतो : "इशारा". ५७ ही संख्याही ४० हून अधिकच आहे, त्यामुळे पहिल्याच अटीवर काम संपते. धोक्याच्या ओळीपर्यंत हा प्रोग्रॅम कधीच पोहोचणार नाही.

ज्या मुलीच्या घराच्या पहिल्या मजल्यापर्यंत त्या वर्षी पाणी आले होते, तिला हे उत्तर चूक आहे हे सांगायला शिक्षक लागत नाही. ती स्वतःच म्हणेल, की असे कसे होईल? मग अटींचा क्रम, सीमेवरच्या किंमती, ३९, ४०, ४४ आणि ४५ घालून पाहण्याची गरज, हे सारे तिच्या प्रश्नातूनच पुढे येते. तीच कल्पना गुणांवरून श्रेणी काढण्याच्या उदाहरणातूनही शिकवता येते. पण तिथे चूक झाली तर कागदावर एक श्रेणी चुकते. इथे एक गल्ली रिकामी व्हायची राहते.

आता वर साताऱ्याकडे. कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी आणि तारळी या सातारा जिल्ह्यातील धरणांतून सोडलेले पाणी शेवटी कृष्णेतूनच सांगलीकडे जाते. यांपैकी चार धरणांतून प्रत्येकी २५ हजार क्युसेक पाणी सोडले असे गणितापुरते समजू. एकूण एक लाख. टर्बो सीमध्ये साधा पूर्णांक १६ बिटांचा असतो. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या ३२,७६७. पहिली बेरीज २५,०००. दुसरी ५०,००० व्हायला हवी, ती मावत नाही. ६५,५३६ वजा होऊन −१५,५३६ उरतात. तिसऱ्या धरणानंतर ९,४६४ आणि चौथ्यानंतर −३१,०७२. नदी उलटी वाहू लागली!

त्यातही ऋण उत्तर एक वेळ परवडले, ते ओरडून सांगते की मी चूक आहे. तिसऱ्या पायरीवरचे ९,४६४ अधिक घातक, कारण ते खरे वाटते. हाच प्रोग्रॅम ३२ बिटांचा पूर्णांक असणाऱ्या नव्या कंपायलरवर चालवला की उत्तर बरोबर एक लाख येते. तेव्हा 'नवे यंत्र आणले, प्रश्न मिटला' असे कोणी म्हणू नये. कोयनेची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे १०,५२५ कोटी घनफूट. ३२ बिटांचा पूर्णांक २१४ कोटींच्या पुढे थोडक्यातच संपतो. कोयना त्यातही मावत नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान-५ हे रॉकेट उड्डाणानंतर चाळीसएक सेकंदांत नष्ट झाले, तेही एक मोठी संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवण्याच्या प्रयत्नामुळे. 'डेटा टाइप' हे पाठ करायचे कोष्टक नसून भांड्याचे माप आहे, हे यातून कळते.

तिसरे उदाहरण उगमाचे. महाबळेश्वरचा रोजचा पाऊस एकेक करून वाचायचा आणि शेवटी सरासरी काढायची. येल विद्यापीठातील एलियट सोलोवे यांनी १९८०च्या दशकात पावसाच्या सरासरीचाच प्रश्न नवशिक्यांना घातला होता, आणि बहुसंख्यांना तो नीट सुटला नव्हता. अडचण कुठे येते ते पाहा. नोंदी संपल्याची खूण म्हणून काय द्यायचे? शून्य दिले, तर पहिल्याच कोरड्या दिवशी प्रोग्रॅम थांबेल. १२०, ० आणि ६० मिलिमीटर अशा तीन नोंदी असतील, तर सरासरी ६० ऐवजी १२० येईल. म्हणून −१ ही खूण ठरवली, कारण पाऊस ऋण असू शकत नाही. पण ती तपासण्याआधीच बेरजेत मिळवली, तर १७९ भागिले ४, म्हणजे ४४.७५ असे अगदी सभ्य दिसणारे चुकीचे उत्तर मिळेल. आणि एकही नोंद न देता पहिल्यांदाच −१ दिले, तर शून्याने भागायची वेळ येईल. एका छोट्या आवर्तनात केवढे शिक्षण भरले आहे!

चूक डोळ्यांना दिसली पाहिजे, हा विचार जुनाच आहे. १९६७ साली सीमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेल्या 'लोगो' भाषेतले कासव आज्ञेप्रमाणे चालत रेषा काढी. आपल्याकडे मुंबई आयआयटीतील प्रा. अभिराम रानडे यांनी तोच धागा महाविद्यालयीन अभ्यासक्रमात आणला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'सी प्लस प्लस'वरील पाठ्यपुस्तकात विद्यार्थी सुरुवातीलाच 'शंभर पावले पुढे जा, नव्वद अंश उजवीकडे वळ' हे चार वेळा करवून चौरस काढतो. कोन चुकला तर चौरस मिटत नाही, आणि ते सांगायला परीक्षक लागत नाही. आम्हांला या पद्धतीचे मोल वाटते ते चित्रांमुळे नव्हे, तर उत्तराची पारख विद्यार्थ्याच्या हाती दिल्यामुळे.

यावर शिक्षकांचे आक्षेप आम्ही जाणतो. तुकड्या मोठ्या, यंत्रे कमी, अभ्यासक्रम ठरलेला, परीक्षा बाहेरची. हे सारे खरे आहे. पण पुढील चार गोष्टींना ना नवे यंत्र लागते, ना विद्यापीठाची परवानगी.

एक, प्रोग्रॅम लिहिण्याआधी जर्नलात चाचणीचा तक्ता लिहवून घ्यावा : कोणती किंमत देणार, कोणते उत्तर अपेक्षित आहे. दोन, प्रत्येक प्रोग्रॅमचा एक तरी ड्राय रन हाताने करून घ्यावा. तीन, डाव्या पानावर 'माझी चूक' असा रकाना ठेवावा आणि त्यालाही गुण द्यावेत. चूक न सापडलेल्या जर्नलाकडे जरा संशयाने पाहावे. चार, तोंडी परीक्षेत व्याख्या विचारण्याऐवजी प्रोग्रॅममधली एक ओळ बदलून काय होईल ते विचारावे, आणि उत्तर मराठीत दिले तर चालवून घ्यावे. 'लूप'ची इंग्रजी व्याख्या घडाघडा म्हणणाऱ्यापेक्षा "पाऊस संपल्याची खूण येईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करतो" असे म्हणणाऱ्याला लूप अधिक कळला आहे.

उतरवलेले जर्नल पूर्वी निदान शेजारच्या मित्राकडून तरी मिळवावे लागे. २०२२च्या अखेरीस 'चॅटजीपीटी' आल्यापासून तेवढेही कष्ट उरलेले नाहीत. हवा तो प्रोग्रॅम क्षणात समोर येतो. म्हणून प्रोग्रॅमिंग शिकवू नये असे काही जण म्हणू लागले आहेत. आम्हांला उलटेच वाटते. लिहिणारा दुसरा असेल, तेव्हा वाचून तपासणाऱ्याची गरज वाढते. वरचा 'इशारा' छापणारा प्रोग्रॅम माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने, त्यात ५७ घालून पाहण्याचे कोणाला तरी सुचले पाहिजे.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि पुढे सातारा तिचे केंद्र झाले. 'कमवा आणि शिका' ही त्यांची योजना या भागातल्या घराघरात माहीत आहे. स्वतःच्या श्रमाने मिळवलेल्या विद्येचा मान ज्या मातीत एवढा मोठा, तिथे उतरवलेल्या उत्तरांखाली आपण सह्या करत राहावे, हे बरे नव्हे. पुढच्या सत्रात निदान एका प्रात्यक्षिकापुरते तरी 'आउटपुट'च्या आधी 'अपेक्षित उत्तर' लिहून घेऊन पाहावे. दोन्ही जुळली नाहीत, तर त्या दिवशी वर्गात खरे शिकवणे सुरू झाले असे समजावे.