राजाची लाल टाच

पायांतील जोडा हा टीकाकाराच्या विचाराचा विषय होऊ शकेल, असे सहसा कोणास वाटणार नाही. साहित्याच्या आणि कलेच्या चर्चेत पायापेक्षा मस्तकाचा मान मोठा, हे ओघानेच आले. तथापि समाजाच्या मनाचा ठाव घ्यावयाचा असेल तर तो पागोट्यापेक्षा जोड्यात लवकर लागतो, असे आमचे मत आहे. उंच टाचेचे जोडे घालून एखादा पुरुष रस्त्याने चालू लागला, तर आज पुण्यातच नव्हे, लंडनातही लोक वळून पाहतील; कोणी हसेल, कोणी तोंड फिरवील. आणि ह्याच टाचेने एके काळी युरोपातील सर्वांत बलाढ्य राजाच्या पायांना शोभा आणिली होती. मग मध्यंतरी बदलले ते काय? ह्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तीन कलाकृतींच्या आधारे शोधू इच्छितो. त्यांपैकी एक चित्र आहे, दुसरे व्यंगचित्र, आणि तिसरे नाटक.

चित्र ह्यासिंथ रिगो ह्या चित्रकाराचे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई ह्याने १७०१ साली ते आपल्या नातवाकरिता, म्हणजे स्पेनचा राजा पाचवा फिलिप ह्याच्याकरिता, काढविले. परंतु ते त्याला स्वतःलाच इतके आवडले की त्याने ते आपल्यापाशी ठेविले. आज ते पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात आहे. सुमारे नऊ फूट उंचीच्या ह्या पटावर राजा उभा आहे. कमरेस तरवार, हातात राजदंड, अंगावर निळे राजवस्त्र. चेहरा साठी ओलांडलेल्या, थकलेल्या माणसाचा आहे. पण चित्रकाराने ते अवजड वस्त्र एका बाजूने वर घेऊन राजाचे दोन्ही पाय उघडे केले आहेत, आणि ते पाय मात्र विशीतल्या नर्तकाचे आहेत. १६५३ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, हाच राजा दरबारी नृत्यनाट्यात सूर्य होऊन नाचला होता. रिगोच्या कुंचल्याला त्याची आठवण असावी. त्या पायांत पांढरे जोडे आहेत आणि जोड्यांना लालभडक उंच टाचा आहेत. ह्या टाचेबद्दल चित्रात संकोचाचा लवलेश नाही. ती तरवारीइतकीच पुरुषाची आहे आणि राजदंडाइतकीच राजाची आहे.

ह्यात नवल वाटण्याचे कारण नाही. टाचेचा जन्मच मुळी घोड्याच्या पाठीवर झाला. इराणी स्वारांना धावत्या घोड्यावर रिकिबीत उभे राहून बाण सोडावयाचा असे. जोड्याच्या टाचेमुळे पाय रिकिबीत घट्ट बसे. शाह अब्बासाने १५९९ साली युरोपातील दरबारांकडे आपली वकिलात पाठविली, आणि त्याच सुमारास तिकडील सरदारांत टाचेची आवड पसरू लागली. टोरांटो येथील बाटा पादत्राण-संग्रहालयाने २०१५ साली पुरुषांच्या टाचांचे एक स्वतंत्र प्रदर्शनच मांडून हा इतिहास लोकांपुढे ठेविला. व्हर्सायच्या दरबारात तर लाल टाच ही उमरावांची खूण ठरली. फ्रेंच भाषेत 'लाल टाच' ह्या शब्दांचा अर्थच दरबारी सरदार असा झाला. हा जोडा घालून नांगर धरता येत नाही की चिखल तुडविता येत नाही. आणि म्हणूनच तो मोठेपणाचे लक्षण मानला गेला. ज्याला कष्ट करावे लागत नाहीत, त्यालाच तो परवडे.

दुसरी कृती थॅकरेची. कलकत्त्यात जन्मलेल्या ह्या इंग्रज लेखकाने १८४० साली प्रसिद्ध केलेल्या 'पॅरिस स्केच बुक' ह्या पुस्तकात एक मार्मिक व्यंगचित्र आहे. त्यात तीन आकृती शेजारी शेजारी उभ्या आहेत. पहिलीत केवळ राजाचा पोशाख, टोप आणि उंच टाचांचे जोडे आहेत, आत माणूस नाही. दुसरीत टक्कल पडलेला, पोट सुटलेला, काडीसारख्या पायांचा एक म्हातारा आहे. तिसरीत तो म्हातारा त्या पोशाखात शिरला आहे आणि पाहता पाहता महाराज झाला आहे. रिगोने जे उभे केले ते थॅकरेने सोलून दाखविले, आणि ते करताना त्याचा हात यत्किंचितही चुकला नाही. तरी आमचा एक आक्षेप आहे. राजाच्या टाचेला हसणारा थॅकरे ज्या युगात वावरत होता, त्या युगातला काळा कोट आणि उंच टोपी ही काय कमी जादू करीत होती? त्या कोटातून सद्गृहस्थ काढून घेतला, तर उरणारा म्हातारा लुईहून फारसा निराळा दिसला नसता.

लुई आणि थॅकरे ह्यांच्यामधील काळात पुरुषाचा आदर्शच पालटला होता. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील पुरुषांनी टाच जवळजवळ टाकिली. शोभा, रंग, लेस, भरजरी वस्त्रे ही सारी हळूहळू स्त्रियांकडे गेली. पुरुष कामाचा, विवेकाचा आणि गंभीर ठरला. फ्लूगेल ह्या मानसशास्त्रज्ञाने १९३० साली आपल्या वेषविषयक ग्रंथात ह्या घटनेला पुरुषाचा थोर संन्यास अशा अर्थाचे नाव दिले आहे. नाव सुरेख आहे. परंतु ह्या संन्याशाने केवळ शोभा टाकिली, सत्ता टाकिली नाही. उलट, जी वस्तू त्याने टाकिली ती हलकी ठरली, आणि जिने ती उचलली तीही तिच्याबरोबर उथळ ठरली. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर काही काळ स्त्रियांनीही टाच सोडिली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ती परत आली तेव्हा ती केवळ त्यांचीच झाली होती. अमेरिकेतील गुराखी स्वारांच्या बुटांना मात्र टाच राहिली. आणि त्यांना कोणी हसले नाही, कारण तेथे घोडा साक्षीला होता.

तिसरी कृती आपल्या काळातली. 'किंकी बूट्स' हे संगीत नाटक २०१२ साली शिकागोत आणि २०१३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले. त्याची संहिता हार्वे फायर्स्टीन ह्यांची, गीते व संगीत सिंडी लॉपर ह्यांचे. त्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट संगीत नाटकासह सहा टोनी पारितोषिके मिळाली. लोलाच्या भूमिकेसाठी बिली पोर्टर ह्यांना मिळालेले त्यांपैकीच एक. नॉर्थॅम्प्टनमधील जोड्यांचा बुडता कारखाना चार्ली नावाच्या तरुणाच्या गळ्यात वारशाने पडतो. त्याची गाठ लोला ह्या स्त्रीवेषात गाणाऱ्या कलावंताशी पडते. स्त्रियांसाठी केलेली टाच पुरुषाच्या वजनाखाली मोडते, एवढ्याशा अडचणीतून कारखान्याला नवे गिऱ्हाईक सापडते. चार्लीने केलेला पहिला जोडा मळकट तांबड्या रंगाचा असतो. लोला तो झिडकारतो. त्याला लालच हवा असतो! लुईची लाल टाच तीन शतकांनी अशी परत येते, पण ह्या वेळी ती हुकूम करीत नाही, जागा मागते.

ह्या नाटकातील उत्तम प्रसंग जोड्यांचा नाही, मुष्टियुद्धाचा आहे. डॉन नावाचा दांडगा कामगार लोलाच्या पुरुषपणाची टर उडवितो. मुष्टियुद्धाची तालीम घेतलेला लोला त्याला सहज लोळवू शकत असतो. पण सोबत्यांदेखत त्याची मानहानी होऊ नये म्हणून तो आपण होऊन हरतो. पुरुषार्थ म्हणजे काय, ह्याचे इतके शांत उत्तर रंगभूमीवर क्वचितच मिळते. पुढे मात्र लेखकाने सोपी वाट धरिली आहे. कारखाना वाचतो, नोकऱ्या राहतात, आणि मिलानच्या प्रदर्शनात अखेरीस सारेच, डॉनसुद्धा, उंच टाचा घालून नाचतात. ज्या टाचेने पगार टिकला तिला मान्यता मिळाली, ह्यात विशेष ते काय? शिवाय हा सोहळा मिलानच्या मंचावर होतो. सोमवारी सकाळी नॉर्थॅम्प्टनच्या बाजारात नव्हे.

हा भेद मराठी रसिकांना समजावून सांगण्याची गरज नसावी. नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, १९११ साली 'मानापमाना'त भामिनी झाले, १९१९ साली 'एकच प्याल्या'त सिंधू झाले. त्यांच्या लुगड्याची नेसण आणि केशरचना सुशिक्षित घरांतील स्त्रियांनी उचलली. एका पुरुषाने स्त्रियांना शृंगार शिकविला आणि समाजाने तो शिरोधार्य मानिला. पण त्याच घरातील मुलगा लुगड्याचा पदर घेऊन अंगणात आला असता, तर त्याचे असे कौतुक झाले असते काय? त्याला 'बायकी' म्हटले गेले असते. रंगभूमीची टाळी पडदा पडेपर्यंत असते. तिला समाजाची मान्यता समजणे ही भाबडी चूक होय.

आणि 'बायकी' हा शब्दच ह्या प्रश्नाची किल्ली आहे. भित्र्या पुरुषाला आपण 'हातात बांगड्या भर' म्हणून हिणवितो. बांगडीने त्याचा काय अपराध केला आहे? स्त्रीने पुरुषाचा वेष घेतला तर ती एक पायरी वर चढली असे जगाला वाटते. पुरुषाने स्त्रीचा घेतला तर तो घसरला असे वाटते. तेव्हा हसू टाचेला नाही. टाच ज्या स्त्रीची झाली, तिच्याविषयीची मनातील अढी ह्या हसण्यातून बाहेर पडते. पुरुषाची ही टवाळी म्हणजे त्याच्या आडून केलेला स्त्रीचा अपमान आहे, आणि तो आपल्या घरातील मुलगे आणि मुली दोघेही ऐकत असतात.

ह्याची दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. 'किंकी बूट्स' लंडनात गर्दी खेचीत असतानाच, मार्च २०१७ मध्ये, कामाच्या ठिकाणी स्त्रियांवर उंच टाचांची सक्ती नसावी ह्या मागणीवर ब्रिटिश पार्लमेंटात चर्चा झाली. मागणीच्या अर्जावर दीड लाखांहून अधिक सह्या होत्या. एकाला जी टाच घालण्याची मोकळीक नाही, ती दुसरीला काढण्याची मोकळीक नाही! मिलानच्या मंचावर चार्ली स्वतः त्या टाचांवर चालू पाहतो आणि धडपडतो, तो प्रसंग आम्हांस म्हणूनच नाटकातील सर्वांत खरा वाटला. त्या उंचीवर तोल सांभाळणे म्हणजे काय, हे त्या क्षणी पुरुषाला कळते.

उंच टाच सुंदर की कुरूप, ह्याचा निवाडा ज्याने त्याने आपल्या आवडीने करावा; प्रकृतीला ती फारशी मानवत नाही, हेही खरे. परंतु ती घालणाऱ्या पुरुषाला समाज स्वीकारील की नाही, हे जोडे बनविणाऱ्याच्या दुकानात ठरावयाचे नाही आणि रंगभूमीवरही नाही. 'बायकी' हा शब्द शिवी म्हणून उच्चारणे आपण ज्या दिवशी सोडू, त्या दिवशी त्याचा निकाल लागेल. रिगोच्या राजाला कोणाची परवानगी मागावी लागली नाही, कारण तो राजा होता. सामान्य माणसालाही ती मागावी लागू नये, एवढीच अपेक्षा आहे.