हप्त्याचे घर आणि आपले साहित्य

दलित साहित्याच्या समीक्षेत घराविषयी जे लिहिले गेले, ते दोनच जागांभोवती फिरत राहिले. एक गावकुसाबाहेरचा वाडा, दुसरी शहरातली चाळ नाहीतर झोपडपट्टी. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) गाव आणि मुंबईतला कावाखाना यांच्यामध्ये हेलकावे खाते. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'त (१९८०) तर घरच नाही, गाढवाच्या पाठीवरचे बिऱ्हाड आहे. वसंत मून यांच्या 'वस्ती'ने (१९९५) नागपुरातल्या आपल्या माणसांचा मोहल्ला उभा केला. हे सारे मोलाचेच आहे. पण आज आपला समाज एका तिसऱ्या जागेत राहायला गेला आहे आणि आपले साहित्य अजून तिच्या दारात पोहोचलेले नाही. ही तिसरी जागा म्हणजे महानगराबाहेर, लोकलच्या शेवटच्या टप्प्यात, कर्ज काढून विकत घेतलेल्या दोन खोल्या.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या मलकापूर तालुक्यातला. आमच्याकडच्या माणसाला मुंबई म्हणजे मलकापूर, नांदुरा किंवा शेगावला रात्री धरायची गाडी. सकाळी कसारा घाट उतरला की आसनगाव, वासिंद, खडवली, टिटवाळा ही स्थानके मागे पडू लागतात आणि रुळांच्या दोन्ही अंगांना इमारती दिसतात. पूर्वी आम्ही ही स्थानके झोपेतच ओलांडत असू. कारण उतरायचे ते घाटकोपरला रमाबाई नगरात, नाहीतर वरळीच्या बी.डी.डी. चाळीत कुणा नातलगाकडे. आता आमच्या जिल्ह्यातली माणसे कल्याणलाच उतरतात आणि लोकलने उलट्या दिशेने मागे येतात. माझा धाकटा भाऊ त्यांतलाच एक. मुंबईत पंधरा वर्षे नोकरी करून त्याला मुंबईत खोली परवडली नाही. टिटवाळ्याला परवडली. त्यासाठी भविष्य निर्वाह निधीतून उचल काढली, भावजयीच्या गळ्यातले मोडले आणि उरलेल्या रकमेचे वीस वर्षांचे कर्ज केले.

घरे पाहण्याच्या दिवसांत मी दोनदा त्याच्याबरोबर फिरलो. एका ठिकाणी दलालाने आडनाव विचारले. आमच्या आडनावावरून त्याला उलगडा होईना. मग गाव विचारले. ते सांगितले. मग हसत हसत म्हणाला, "गावात घर कोणत्या बाजूला?" भाऊ सहज बोलून गेला, "उगवतीला." आपल्याकडे उगवतीला कोणाचा वाडा असतो हे त्या गृहस्थाला पाठ होते. दुसऱ्या दिवशी ती सदनिका 'आधीच गेलेली' निघाली. खरेदीखतावर जातीचा रकाना नाही. म्हाडाच्या सोडतीत राखीव घरासाठी जातीचा दाखला लागतो, तेथे जात कागदावर असते आणि ती हक्क देते. खाजगी बाजारात ती तोंडी विचारतात आणि हक्क काढून घेतात.

शेवटी दुसऱ्या इमारतीत घर झाले. सामान लावताना भावाने विचारले, बाबासाहेबांचा फोटो कुठे लावू? दाराच्या समोरच्या भिंतीवर लावला तर दार उघडताच जिन्यातून दिसतो. मी म्हणालो, "सध्या आतल्या खोलीत लाव. लोकांची ओळख होऊ दे, मग पाहू." तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "भाऊ, तुमचं भाषन खरं धरू का हे?"

वीस वर्षे मी मंचावरून नकार आणि विद्रोह यांवर बोलत आलो आहे. त्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. हा लेख त्या अनुत्तरित प्रश्नातून आला आहे.

परत आल्यावर मी बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा पुन्हा वाचली. याच नावाचा त्यांचा संग्रह १९६३ चा. रेल्वेच्या नोकरीसाठी परक्या गावी गेलेला तरुण जात लपवून राहायला जागा मिळवतो आणि जात उघडी पडताच मार खातो. ही कथा मी वर्गात शिकवत आलो, पण एका संपलेल्या काळाची साक्ष म्हणून. ते माझे वाचन चुकीचे होते. बडोद्याला १९१७ साली बाबासाहेबांना पारशी नाव घेऊन पारशांच्या धर्मशाळेत राहावे लागले आणि काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. तेथपासून बागुलांच्या कथेपर्यंत एक सूत्र आहे. जागा मिळते, जात कळते, माणूस हाकलला जातो. आपल्या आत्मकथनांची घडणही पुष्कळशी या सूत्रावर झाली आहे.

पण बागुलांचा नायक भाडेकरू आहे. रक्तबंबाळ होऊन का होईना, त्याला दुसऱ्या दिवशी गाव सोडता येते. माझ्या भावाला टिटवाळा सोडता येत नाही. घर त्याचे आहे, म्हणजे वीस वर्षे तो त्या घराचा आहे. त्याला कोणी मारलेले नाही, हाकललेलेही नाही. गणपतीची वर्गणी मागायला माणसे हक्काने दारात येतात. चौदा एप्रिलला खाली पटांगणात खुर्च्या मांडायच्या तर अर्ज करावा लागतो, आणि कमिटी म्हणते, 'इमारतीत जातीचे कार्यक्रम नकोत.' वस्तीत जयंती परवानगी घेऊन होत नव्हती. वस्ती गरीब होती, गटारावर होती, पण आपली होती. पैशाच्या बळावर आपण एकेकटे विखुरलो, आणि विखुरण्याला आपण प्रगती म्हणतो. ती प्रगती आहेही. ज्यांच्या बापाच्या नावावर सातबारा नव्हता त्यांच्या नावावर आज इंडेक्स-टू निघतो, ही लहान गोष्ट नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. साहित्याला विषय हवा तो हाच.

मला म्हणायचे आहे ते असे. आपण हाकलले जाण्याचे साहित्य लिहिले, टिकून राहण्याचे लिहिले नाही. याचा काही दोष समीक्षेकडे जातो. नोकरी, सदनिका, हप्ता हे शब्द कोणी लिहिले की आमच्यातले समीक्षक त्याला 'दलित ब्राह्मण' म्हणून मोकळे होतात. जणू वेदना झोपडीतच राहते आणि तिसऱ्या मजल्यावर चढत नाही! सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा नियम संस्थेला करता येतो, असा निर्णय दिला. आधार कोणता, तर संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य. एका अल्पसंख्य समाजाने स्वतःसाठी मागितलेली ही कुंपणाची मुभा उच्चवर्णीयांच्या हाती पडली तर गावकूस पुन्हा उभे राहायला वेळ लागणार नाही, आणि त्या वेळी त्याला 'बायलॉज' म्हणतील. हा प्रश्न मध्यमवर्गीय म्हणून टाळणारी समीक्षा कोणाच्या बाजूची?

दुसरी अडचण रूपाची आहे. हाकलले जाणे ही घटना असते, तिला आरंभ आणि शेवट असतो. हप्ता ही घटना नव्हे, ती दर महिन्याला येते. जिन्यात थांबलेले बोलणे, न आलेले हळदीकुंकवाचे बोलावणे, 'तुमच्यात काय काय चालतं?' हा प्रश्न, यांतून प्रसंग उभा राहत नाही, दिवस उभा राहतो. अशा दिवसांसाठी आपल्याकडे रूप नाही असे नाही. माधव कोंडविलकरांनी 'मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे' (१९७९) दैनंदिनीच्या रूपात लिहिले. एका शिक्षकाला रोज थोडे थोडे कसे झिजवले जाते हे त्या रूपामुळेच कळते. ती वाट आपण पुढे चालवली नाही.

आणि हे लिहायचे कोणी? भाऊ पहाटेच्या लोकलने जातो, रात्री येतो. त्याच्या वाट्याला त्याचे घर रविवारी येते. दिवसभर त्या इमारतीत राहते ती भावजय. शेजारणीच्या नजरेला नजर तीच देते, पोराला खेळायला कोण बोलावते आणि कोण नाही हे तीच पाहते. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'ने (१९८६) आणि ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'ने (२००३) घराच्या आतले जग पुरुषांच्या आत्मकथनांपेक्षा निराळ्या नजरेने दाखवले. तिसऱ्या जागेचे साहित्यही बहुधा बायकाच लिहितील. आपल्या संपादकांनी त्यांच्याकडे मागायला हवे.

घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवाचा बुरखा फाडला, हे आपण नेहमी सांगतो. पण त्यांनी स्वतः घर कसे केले हे विसरतो. परळच्या बी.आय.टी. चाळीतून निघून १९३० च्या दशकात त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत घर बांधले, ग्रंथांसाठी बांधले, आणि त्याला नाव दिले 'राजगृह'. धम्मदीक्षा अजून वीसेक वर्षे दूर होती. तरीही बुद्धाच्या काळातल्या नगरीचे नाव त्या वस्तीत दारावर लागले. आतल्या खोलीत नव्हे.

भावाने माझा सल्ला मानला नाही. फोटो दारासमोर आहे. त्यामुळे समोरचे दार बंद झाले, आणि खालच्या मजल्यावरची एक बाई, आमच्याच लोकांतली, चार वर्षे कोणाला न सांगता तेथे राहणारी, संध्याकाळी वर येऊन भावजयीपाशी रडली. तिच्या चार वर्षांचे साहित्य आपल्याकडे नाही. ते आल्याशिवाय आपल्या समीक्षेने घर या शब्दावर शेवटचे मत देऊ नये.