रौद्राभासाचे हास्य

फ्रिझ फ्रेलेंग यांच्या ‘बकॅनीर बनी’ (१९४८) या सुमारे सात मिनिटांच्या व्यंगचित्रपटास बालरंजन म्हणून बाजूस सारण्याची प्रथा आहे. चाचेगिरी करणारा सॅम बग्ज या सशाचा जहाजावर पाठलाग करतो, एवढेच त्याचे कथानक. परंतु जहाज हे स्थळ येथे आगंतुक नाही. काशीच्या अहिल्याबाई घाटावरून मध्यप्रवाहातील नाव पाहणारास हे सहज उमगावे: नावेत भांडण जुंपले तरी कोणासही उतरून जाता येत नाही. रस्त्यावरचा पाठलाग पुढे जातो. जहाजावरचा घिरट्या घालतो, आणि पाठलाग करणाराच बंदी ठरतो.

बग्ज पेटती काडी दारूच्या कोठारात टाकतो, सॅम धावतो. पुन्हा काडी, पुन्हा धाव. अखेर न धावण्याचा निश्चय करून तो बेफिकिरीचे सोंग आणतो. त्याचा धीर सुटतो तोवर उशीर झालेला असतो.

भरताने हास्याचा उगम शृंगारात आणि करुणाचा रौद्रात मानला. अभिनवगुप्ताने मात्र कोणत्याही रसाचा आभास हास्यास कारण होऊ शकतो, असे प्रतिपादिले. येथे क्रोध अस्सल आहे, पण रेखाटलेल्या देहास मरण नाही; म्हणून रौद्र करुणाकडे न वळता हास्यात परिणत होतो.

दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’मध्ये निर्जीव काड्यांकडून अभिनय करविला होता. पुढे काशीस राहून त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. नाटकास आपल्या समीक्षेत आसन मिळते, काड्यांस नाही. रससिद्धान्त सार्वत्रिक असेल, तर त्याने या काडीचीही परीक्षा दिली पाहिजे.