शोकातली लय

पेर्गोलेसी या इटालियन संगीतकाराची ‘स्ताबात मातेर’ ही रचना प्रथम ऐकताना श्रोता बुचकळ्यात पडतो. क्रुसापाशी उभ्या असलेल्या मेरीचा पुत्रशोक हा तिचा विषय, आणि आरंभही तसाच. एक आवाज स्वर धरून ठेवतो, दुसरा त्याला अगदी खेटून येतो, आणि त्या घर्षणातून कळ उठते. पण चौथ्या भागात, मातेच्या दुःखाचेच शब्द असताना, चाल चक्क थिरकू लागते!

बोलोन्याचे विद्वान पाद्री मार्तिनी यांनी १७७४ साली आक्षेप घेतला, की ही शैली पेर्गोलेसीच्याच ‘ला सेर्वा पाद्रोना’ या विनोदी संगीतिकेची आहे. परंतु आपल्या कीर्तनकाराने नाट्यपदाची चाल उचलली, म्हणून भक्ती उणावते काय?

आई गेली तेव्हा आमच्या खातेगांवच्या घरात बायका रडता रडता तिच्या गमती सांगून हसल्या होत्या. त्या हसण्याने शोक उणा झाला नाही. उलट गेलेले माणूस अधिक जवळ आले. चौथा भाग मला तसा वाटतो.

पेर्गोलेसीने अखेरच्या दिवसांत, क्षयाने खंगत असताना ही रचना केली. १७३६ साली, अवघ्या २६व्या वर्षी तो गेला. क्षयानेच १९४८ साली कुमार गंधर्वांना आपल्या देवासला आणले. ते बचावले, पुन्हा गायले. त्यांच्या निर्गुणी भजनांतही मृत्यू आहे, रडगाणे नाही.

ज्यांच्या कानांत ती भजने आहेत, त्यांना ही लॅटिन रचना परकी वाटू नये.