सोयरे कोणत्या रकान्यात बसवायचे?



अंबड तालुक्यातल्या एका गावात मी माझ्या प्रश्नावलीची चाचणी घेत होते. अंतरवाली सराटी तिथून फार लांब नाही. प्रश्न अगदी साधा होता: गेल्या वर्षभरात अडीअडचणीला किती नातेवाईक तुमच्या मदतीला आले? समोर बसलेल्या आजींनी मलाच उलटा प्रश्न केला, "नातेवाईक म्हंजी कोण? भावकी का पाव्हणे?"

मला उत्तर देता आलं नाही. कागदावर रकाना एकच होता. त्यामुळे आज मी ज्या संशोधनावर माझा प्रबंध उभा करतेय, त्याच संशोधनाची थोडी उलटतपासणी करणार आहे. विषय आहे लग्न, नातीगोती आणि आधार यांचा प्रौढ वयातल्या माणसाच्या तब्येतीशी असलेला संबंध.

आधी या संशोधनाचं म्हणणं काय ते बघू. २०१० साली ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यात ३,०८,८४९ माणसांची माहिती होती. निष्कर्ष असा, की ज्यांची नाती भक्कम, त्यांची पाहणीच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त. (हे शक्यतेचं गुणोत्तर आहे बरं का. आयुष्य दीडपट होतं असा अर्थ काढू नका.) "नाती औषधासारखी असतात" असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, त्याचं मूळ बऱ्याचदा याच अभ्यासात असतं.

पण याच अभ्यासातली एक गोष्ट फिरत नाही. नाती मोजायची कशी, यावर उत्तर बदलतं. "एकटे राहता की कुणासोबत?" एवढंच विचारलं, तर गुणोत्तर जेमतेम १.१९ येतं. लग्न, नातलग, मित्र, समाजातला वावर अशा अनेक धाग्यांचा एकत्र विचार केला, तर तेच १.९१ होतं. म्हणजे घरात कोण राहतं हे सांगणारा आकडा सगळ्यांत कमकुवत निघाला. शिवाय त्या १४८ पैकी बहुतेक अभ्यास उत्तर अमेरिका आणि युरोपातले. आशियातले साधारण दहातला एक.

आता आपल्याकडे या. भारतात या विषयावरची सगळ्यांत मोठी पाहणी म्हणजे 'लासी', वृद्धत्वाचा दीर्घकालीन अभ्यास. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने तो केला. पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली, अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. ४५ वर्षांवरची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२,२५० जणांची माहिती त्यात आहे. हे काम किती अवघड आहे, हे चार गावं फिरल्यावर कळतं, त्यामुळे त्याला नावं ठेवायचा माझा इरादा नाही. कुटुंबात पैसे कुणी कुणाला दिले, सोबत कोण राहतं, मित्र किती, हे इतक्या मोठ्या प्रमाणावर आधी कुणी विचारलंच नव्हतं.

माझी तक्रार या सगळ्या परंपरेतल्या तीन सवयींबद्दल आहे. माझी स्वतःची प्रश्नावलीही त्याच सवयींतून आलेली आहे.

पहिली सवय चुलीची. जनगणना असो की आरोग्य पाहणी, घर म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. मोजणीला ही व्याख्या सोयीची आहे. पण कुणी वारलं की त्या घरात चूल पेटत नाही, भाकरी बाहेरून येते. आधाराची गरज सगळ्यांत जास्त असते, नेमक्या त्या दिवशी आधार देणारी माणसं "घराबाहेरची" ठरतात.

दुसरी सवय "नातेवाईक" या एकाच खोक्याची. मराठीत भावकी आणि सोयरे ही दोन वेगळी जगं आहेत. भावकी म्हणजे एका वडाच्या पारंब्या: चुलते, चुलतभाऊ, ज्यांचा बांध आपल्या बांधाला लागतो. सोयरे म्हणजे लग्नाने जोडलेले, ज्यांना आपण "पाहुणे" म्हणतो. भावकी रोज भेटते आणि रोजच भांडू शकते. "भाऊबंदकी" हा शब्द मुळात नात्याचा, पण आपण तो भांडणासाठीच वापरतो. सोयरे लांब असतात, पण बाळंतपणाला, दवाखान्याला, मुलीच्या लग्नाला तेच उभे राहतात. दोघांना एका रकान्यात टाकून सरासरी काढली, तर ती कुणाचीच नसते.

गंमत म्हणजे संशोधकांनी जो फरक केला नाही, तो करायची वेळ सरकारवर आली, आणि तीही अंतरवाली सराटीमुळे. २९ ऑगस्ट २०२३ ला मनोज जरांगे पाटील तिथे उपोषणाला बसले, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि गावाचं नाव राज्यभर पोचलं. पुढे कुणबी दाखल्यांच्या वादात "सगेसोयरे" हा घरगुती शब्द थेट सरकारी मसुद्यात गेला. आरक्षणाच्या बाजूने की विरोधात, हा माझा आजचा विषय नाही. मला त्या व्याख्येत रस आहे. जानेवारी २०२४ च्या मसुद्यात सगेसोयरे कोण? अर्जदाराचे वडील, आजोबा, पणजोबा आणि त्याआधीच्या पिढ्यांत, जातीतल्या जातीत झालेल्या लग्नांतून जोडले गेलेले नातलग. नीट वाचा. सोयरीक बायकांमुळे होते, पण माग काढायचा तो पुरुषांच्या ओळीवरून.

हे एकाच कागदात झालेलं नाही. २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा घ्या. मूलबाळ नसलेल्या म्हाताऱ्या माणसाचा "नातेवाईक" त्यात कोण? ज्याच्या ताब्यात त्याची मालमत्ता आहे किंवा जो ती वारशाने घेणार आहे, तो. कायद्याचा तर्क समजतो: जो घेईल, त्याने सांभाळावं. पण खरंच येऊन उशाशी बसणारी बहीण किंवा भाची या व्याख्येत असेलच असं नाही.

असं काही नव्यानेच मला सुचलंय असंही नाही. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून भारतातल्या नातेव्यवस्थेवरचं आपलं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात त्यांनी दाखवलं, की उत्तरेत मुलगी लांब, अनोळखी घरात दिली जाते, दक्षिणेत नात्यातच लग्नं होतात आणि महाराष्ट्रात दोन्ही रीती एकमेकींत मिसळतात. मामाची मुलगी करण्याची चाल इथल्या अनेक जातींत आहे. म्हणजे सासू ही आत्याही असू शकते. अशा बाईचा "सासरचा आधार" आणि "माहेरचा आधार" वेगळा कसा मोजणार? सत्तर वर्षांपूर्वी समोर आलेला हा प्रश्न माझ्या प्रश्नावलीत नव्हता. ही चूक माझी.

तिसरी सवय "विवाहित: होय की नाही" ही. लग्नाचा फायदा दोघांना सारखा नसतो, नवऱ्याचं लग्न आणि बायकोचं लग्न ही दोन वेगळी लग्नं असतात, हे जेसी बर्नार्ड यांनी १९७२ मध्येच लिहून ठेवलंय. बीड-जालन्यात तर लग्नाचं आणखी एक रूप दिसतं. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे "एक कोयता". मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. सहा महिने ही जोडी फडात, पोरं आजीकडे नाहीतर मामाकडे. पाहणीच्या कागदावर ही बाई "विवाहित, नवऱ्यासोबत राहते". निष्कर्षात ती आधार असलेल्यांत मोजली जाईल. पण तिचं लग्न हा आधारही आहे आणि मजुरीचा करारही. पोरं सांभाळणारा मामा मात्र तिच्या चुलीवर जेवत नाही, म्हणून तो घरात धरला जाणार नाही.

आता त्या आजींकडे परत जाऊ. मी कागद बाजूला ठेवला आणि भावकी वेगळी, पाहुणे वेगळे असं विचारलं. नवरा गेला तेव्हा भावाने ज्वारीची पोती आणून टाकली, पोरांची फी भरली. अजूनही दिवाळीला भाचा न्यायला येतो. चांगला भक्कम आधार, मी लिहून घेतलं. मग सहज विचारलं, माहेरच्या जमिनीत वाटा घेतला का? आजी हसल्या. "सही करून दिली की. वाटा घेतला असता तर दार उघडं राह्यलं असतं का?"

महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला १९९४ मध्ये, केंद्राने २००५ मध्ये. त्यानंतरही हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या होतातच. माझ्या मते या संशोधनातली खरी फट इथे आहे. पाहण्या "गेल्या बारा महिन्यांत" मिळालेला पैसा मोजतात. आजींच्या कागदावर त्यामुळे भाऊ देणारा आणि आजी घेणाऱ्या दिसतील. तीस वर्षांपूर्वी सोडलेली जमीन कुठल्याच बारा महिन्यांत येत नाही. तो हिशोब धरला, तर कोण कुणाला आधार देतंय हे उलटंही निघू शकेल.

तुम्ही म्हणाल, म्हणजे भावाची माया खोटी? अजिबात नाही. पोती खरी होती, फीही खरी होती. माझं म्हणणं एवढंच, की त्या मायेची किंमत आधीच चुकवलेली होती, आणि ज्या बाईने ती चुकवायला नकार दिला, तिचं दार बंद झालं असेल तर ती आपल्या आकडेवारीत नुसती "आधार नसलेली" म्हणून दिसेल. मग आपण लिहू, आधार नसला की तब्येत ढासळते. पण आधार का गेला, हे लिहायचं राहून जाईल.

या सगळ्यामुळे होल्ट-लुनस्टॅड यांचा निष्कर्ष खोटा ठरत नाही. उलट त्यांचाच १.१९ विरुद्ध १.९१ हा फरक सांगतो, की जितकं बारकाईने विचाराल तितकं नातं जास्त दिसेल. "बारकाईने" म्हणजे काय, हे मात्र प्रत्येक ठिकाणच्या भाषेतून शोधावं लागतं.

मी माझ्या प्रश्नावलीत तीन बदल केलेत. भावकी आणि पाहुणे वेगळे. स्त्रियांसाठी माहेर किती लांब आणि तिथे आता कोण आहे: आईवडील, भाऊ, भाचा की कुणीच नाही. आणि वाट्याचा प्रश्न, तोही सून किंवा मुलगा जवळ नसताना विचारायचा. त्यामुळे मुलाखत वीसेक मिनिटांनी लांबते आणि माझ्या आकड्यांची तुलना 'लासी'शी सरळ करता येत नाही. माझ्या गाईड सरांना हे दुसरं कारण फारसं रुचलेलं नाहीये आणि त्यांचं म्हणणंही चुकीचं नाही. तुलना गेली, तर माझा अभ्यास एका तालुक्याची गोष्ट बनून राहू शकतो. म्हणून जुना एक-रकान्याचा प्रश्नही ठेवलाय. दोन्ही विचारायचे आणि उत्तरांत किती तफावत पडते ते बघायचं.

तुमच्या घरी एकदा हा प्रयोग करून बघा. आईला किंवा आजीला विचारा, अडचणीला कोण आलं, भावकी की पाहुणे? आणि जमलं तर सहीबद्दलही विचारा. काय उत्तर मिळालं ते मला जरूर कळवा.