चिरनेरचा डोंगर आणि भूमापनाचें पत्रक

जुन्या पोथीची परीक्षा करितांना लेखक कोण, मूळ प्रत कोणती व पाठ कोठें बिघडला, हें आपण विचारतों. नकाशा हाही ग्रंथच होय. म्हणून भारतीय सर्वेक्षण खात्याचें ४७ एफ/१ हें पत्रक त्याच कसोटीस लावून आम्ही चिरनेरच्या माळावर वाचिलें.

गुण प्रथम सांगणें न्याय्य. लँब्टननें १८०२ सालीं मद्रासेस पायारेषा मोजून ज्या कार्यास आरंभ केला, व जें करीत असतां १८२३ सालीं हिंगणघाटीं त्याचा अंत झाला, त्या त्रिकोणमापनाच्या अधिष्ठानावर हीं पत्रकें उभीं आहेत. कर्नाळ्याचा सुळका, ओढ्यांचीं वळणें, भरतीच्या खाड्या, यांची अशी निश्चिती कोणत्याही बखरकारास साधली नसती.

दोष नांवांत आहे. रोमन लिपींत ल व ळ, न व ण, त व ट यांचा भेद उरत नाहीं. ळ हा वर्ण ऋग्वेदांत आहे. मराठींत तर ‘काल’ व ‘काळ’ यांचा अर्थच तो फिरवितो. ऐकलेलें नांव रोमनांत गेलें व रोमनावरून पुनः देवनागरींत आलें, तर तो पाठ मूळ प्रतीचा नव्हे, नकलेच्या नकलेचा होय.

दुसरा दोष अधिक गंभीर. राखीव जंगलाची हद्द पत्रकावर एक रेषा आहे. तेथील गवत, सरपण व चराई यांवर पूर्वीं कोणाची वहिवाट होती, हें ती सांगत नाहीं. १८७८ व १९२७ च्या जंगल कायद्यांनीं अशा रेषांस दंडाचें बळ दिलें. २५ सप्टेंबर १९३० रोजीं येथील आक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला. गोळीबारांत नाग्या कातकरी धरून आठ सत्याग्रही पडले, मामलेदारही प्राणांस मुकले.

कोणी म्हणेल, उंची मोजणें हें नकाशाचें काम, इतिहास सांगणें नव्हे. मान्य. परंतु नांव व हद्द हीं त्यानें आपण होऊन पत्करिलीं आहेत. त्यांचा जाब त्यास द्यावाच लागेल.

मोडी दप्तरें जमविणाऱ्या मित्रांस आमची विनंती आहे. आपापल्या गांवचें पत्रक घ्यावें. वृद्ध गुराखी व कातकरी यांच्या तोंडून टेकडी, ओढा, पाणवठा यांचीं नांवें सांगणाऱ्याचें नांव व तिथि घालून देवनागरींत टिपावीं, आणि दप्तरांतील शिवारनांवांशीं ताडून पाहावीं. कागद शंभर वर्षें टिकेल. सांगणारे टिकणार नाहींत.