अपघात विभागातील गर्दीचे मापन आणि ‘गर्दी’ हा शब्द

रुग्णालयाच्या अपघात विभागातील गर्दी कशी मोजावी, हा प्रश्न वस्तुतः वैद्यकाचा व व्यवस्थापनशास्त्राचा. भाषाशास्त्राच्या अध्यापकाने त्यात हात घालावा ह्याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु ह्या कामी वापरल्या जाणाऱ्या सूत्रांपैकी सर्वांत प्रसिद्ध सूत्राच्या मुळाशी एका शब्दाचा अर्थ आहे, हे ध्यानी आल्यावर प्रस्तुत लेखकास गप्प बसवेना. दुसरे कारण घरगुती आहे. कॉटन ग्रीनच्या रहिवाशास रात्री-अपरात्री धाप लागली, की काळाचौकी, लालबाग ओलांडून परळ गाठावयाचे, अशी वहिवाट आहे. तेथे १९२६ साली सुरू झालेले राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘केईएम’, आणि त्याच्या आसपासची इतर रुग्णालये ह्यांवर गिरणगावाच्या तीन-चार पिढ्यांनी भिस्त ठेवली आहे.

उपर्युक्त सूत्राचे नाव ‘नेडॉक्स’. स्टीव्हन वाइस व त्यांचे सहकारी ह्यांनी ते २००४ साली प्रसिद्ध केले. अमेरिकेतील आठ अध्यापन-रुग्णालयांत तीन आठवडे नोंदी घेण्यात आल्या. त्याच वेळी तेथील डॉक्टरांस व परिचारिकांस ‘ह्या क्षणी किती गर्दी आहे?’ असे विचारून त्यांचे मत सहा पायऱ्यांच्या श्रेणीवर टिपण्यात आले. कोणत्या आकड्यांवरून हे मत अधिकात अधिक अचूकपणे वर्तविता येते, ते मग संख्याशास्त्राच्या साहाय्याने काढले. निघालेले सूत्र असे: विभागातील रुग्णसंख्येस तेथील खाटांनी भागून ८५.८ ने गुणावे. दाखल करून घ्यावयाचे ठरले पण वॉर्डात खाट नाही म्हणून खोळंबलेल्या रुग्णांच्या संख्येस रुग्णालयातील एकूण खाटांनी भागून ६०० ने गुणावे. श्वासयंत्रावरील प्रत्येक रुग्णामागे १३.४ धरावेत, खोळंबलेल्यांपैकी सर्वांत जुन्या रुग्णाच्या प्रत्येक तासास ०.९३ आणि सर्वांत शेवटी खाट मिळालेल्या रुग्णाने तिच्यासाठी काढलेल्या प्रत्येक तासास ५.६४ धरावेत, ह्या सर्वांच्या बेरजेतून २० वजा करावेत. उत्तर १०० च्या वर गेले म्हणजे गर्दी, १८० च्या वर गेले म्हणजे धोक्याची गर्दी.

ह्या सूत्राचा मोठा गुण असा, की एखादी परिचारिका ते दोन-तीन मिनिटांत भरू शकते आणि अधिकाऱ्यांपुढे तक्रारीऐवजी आकडा ठेवू शकते. हा गुण लहान नव्हे. तथापि सूत्र नेमके काय मोजते, हे पाहिले पाहिजे. ते मोजते ते तेथील कर्मचाऱ्यांचे मत. म्हणजेच हे सूत्र एका इंग्रजी शब्दाचा, अमेरिकेतील आठ इमारतींत रूढ असलेला अर्थ सांगणारा एक संख्यारूप कोश आहे. असा कोश निरुपयोगी असतो असे नाही. परंतु एका बोलीचा कोश दुसऱ्या बोलीस लावण्यापूर्वी जी सावधगिरी बाळगावी लागते, ती येथे कोणी बाळगलेली दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी मातोश्रींस धाप लागली म्हणून प्रस्तुत लेखक रात्री एका रुग्णालयाच्या अपघात विभागात गेला होता. खाटा भरलेल्या होत्या, दोन खाटांवर दोघे-दोघे रुग्ण होते, आणि सलाइनची बाटली धरून नातेवाईक उभे होते. बसावयास जागा मागताना, ‘आज फारच गर्दी आहे’, असे सहज म्हटले, तेव्हा पाळीवरील सिस्टर कागदावरून मान न उचलता म्हणाल्या, ‘आज कुठे गर्दी?’ हे उत्तर उद्धटपणाचे नव्हते. त्यांच्या बोलीत ‘गर्दी’ ह्या शब्दाची सीमारेषा त्या रात्रीच्या दृश्याच्या पलीकडे होती, इतकाच त्याचा अर्थ. जे सूत्र कर्मचाऱ्यांच्या मतावर बेतले आहे, त्याला ह्या एका उत्तराने मोठी अडचण येते.

ह्यावर कोणी म्हणेल, की सूत्र मुंबईस आणून येथील कर्मचाऱ्यांच्या मतानुसार त्याचे गुणक बदलून घ्यावेत. शास्त्रदृष्ट्या सूचना निर्दोष आहे. व्यवहारात आम्हांस ती घातक वाटते. सिस्टरांचे मत प्रमाण धरून गुणक बसविले, तर एका खाटेवर दोन रुग्ण ही स्थिती ‘व्यस्त, परंतु गर्दी नव्हे’ ह्या सदरात जाऊन बसेल, आणि जे सोसण्याची सवय झाली त्यालाच शास्त्राचा शिक्का मिळेल.

दुसरा आक्षेप खाटेसंबंधीचा आहे. सूत्रात दोन ठिकाणी खाटांनी भागावयाचे आहे. कॉटन ग्रीनच्या कापूसबाजारात खंडी म्हणजे ७८४ पौंड, हे ठरलेले होते. त्यात घासाघीस नव्हती. खाट हे तसे परिमाण आहे काय? आमच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत खाटा संपल्या म्हणून रुग्णास परत पाठविण्याची रीत नाही. वॉर्डात दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गादी घालून त्याची सोय करतात. रुग्णालयाच्या बोलीत ह्यास ‘फ्लोअर बेड’ असे म्हणतात. ह्या शब्दात ‘बेड’ आहे, पण खाट नाही. आता कल्पित आकडे घेऊन हिशेब करून पाहू. अठराशे खाटांचे रुग्णालय, त्याच्या अपघात विभागात २० खाटा व २४ रुग्ण. त्यांपैकी १० जण वॉर्डातील जागेसाठी खोळंबलेले, सर्वांत जुना ६ तासांपासून. उपचार चालू असलेला एक रुग्ण श्वासयंत्रावर. शेवटच्यास खाट मिळावयास १ तास लागलेला. सूत्राचे उत्तर सुमारे १११, म्हणजे गर्दी. त्या दहांना वॉर्डात जमिनीवर गाद्या घालून दिल्या, की विभागात १४ उरतात, खोळंबलेले शून्य होतात, आणि उत्तर ५९ वर उतरते. ५९ म्हणजे नुसते ‘व्यस्त’. रुग्णालयातून एकही माणूस बाहेर गेलेला नाही. गर्दी एक जिना चढून वर गेली आहे. ह्याच हिशेबात खोळंबलेल्या दहा माणसांच्या संख्येचे वजन ६०० ने गुणूनही जेमतेम ३.३ भरते, कारण भागाकार अठराशेने आहे. रुग्णालय जितके मोठे, तितका दाराशी खोळंबलेला माणूस ह्या सूत्रात लहान होत जातो. ‘एडविन’ ह्या २००३ सालच्या दुसऱ्या सूत्रात आजाराची तीव्रता व हजर डॉक्टरांची संख्या धरलेली आहे, हे अधिक चांगले. पण खाटेचा दोष तेथेही आहेच.

मुळात ‘गर्दी’ ह्या शब्दावर एवढा भार टाकणेच बरे नव्हे. तो फारसीतून आला. ‘गर्द’ म्हणजे धूळ, आणि बखरींतील ‘गर्दीस मिळविणे’ म्हणजे धुळीस मिळविणे. पोलिसांच्या मराठीत ‘गर्दी-मारामारीचा गुन्हा’ अजून नोंदविला जातो. शब्दात धांदल व बेबंदपणा आहे, परिमाण नाही. परंतु मराठीत त्याच्या शेजारी तीन शब्द उभे आहेत. ‘वर्दळ’ म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांचा ओघ. ‘दाटी’ म्हणजे एका वेळी एका जागी असलेल्यांची संख्या. ‘खोळंबा’ म्हणजे अडकून पडण्याचा काळ. जॉन लिटल ह्यांनी १९६१ साली रांगांविषयी जो सिद्धांत सिद्ध केला, तो ह्या तीन शब्दांत सहज मांडता येतो: वर्दळीस खोळंब्याने गुणले की दाटी येते. तासाला १२ रुग्ण येऊन प्रत्येकी अडीच तास राहिले, तर सरासरी ३० जण आत असतात. तासाला ६ येऊन प्रत्येकी ५ तास राहिले, तरीही ३०च. दारातून पाहणाऱ्यास दृश्य एकच. पण पहिल्या ठिकाणी किरकोळ दुखण्यांसाठी वस्तीतच दवाखाने हवेत, आणि दुसऱ्या ठिकाणी दवाखाने कितीही काढले तरी मूळ दुखणे तसेच राहील, कारण तेथे रक्ताचा अहवाल, वॉर्डातील जागा किंवा डॉक्टर अडलेला आहे. २०२२ साली मुंबईत ‘आपला दवाखाना’ ही योजना निघाली, तिचा परळच्या रुग्णालयांवर काय परिणाम झाला हे ठरवावयाचे, तर आधी हे दोन प्रकार वेगळे मोजलेले असले पाहिजेत.

नातेवाईकांचा प्रश्न उरतो. ही सूत्रे त्यांना मोजत नाहीत. आमच्याकडे मात्र केसपेपर काढणे, रक्त तपासावयास नेणे, स्ट्रेचर ढकलणे ही कामे पुष्कळदा तेच करतात. त्यांना जमेस धरावे की नावे, हे सांगणे कठीण. रेल्वेने ह्या बाबतीत अधिक प्रामाणिकपणा दाखविला आहे. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभे प्रवासी, असे उपनगरी गाडीतील अतिदाटीचे माप तिने लावून घेतले. तेथे प्रत्येक देह मोजला जातो. अर्थात मोजल्याने दाटी टळते असे नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी परळ-एल्फिन्स्टन रोडच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली, आणि जखमींस केईएममध्येच आणण्यात आले.

आमच्या मते मोजावयाचा तो खोळंबा. त्यातही धोका आहे. इंग्लंडात रुग्णाने अपघात विभागात चार तासांहून अधिक राहू नये असे उद्दिष्ट २००४ च्या सुमारास कडकपणे लागू झाले, तेव्हा चार तास भरण्यापूर्वीच्या शेवटच्या काही मिनिटांत रुग्ण हलविण्याचे प्रमाण एकदम चढलेले आढळले. म्हणून एक मर्यादा घालून ती पाळली की नाही एवढेच पाहू नये. केसपेपर काढल्याची वेळ, डॉक्टरांनी प्रथम पाहिल्याची वेळ, आणि वॉर्डात खाट मिळाल्याची वेळ, अशा तीन वेळा प्रत्येक रुग्णाच्या नोंदवाव्यात. गादी मिळाल्यास खाटेची वेळ कोरी ठेवावी. मातोश्रींचा त्या रात्रीचा केसपेपर अद्याप घरी आहे. त्यावर ह्या तीनपैकी पहिली वेळ तेवढी लिहिलेली आहे.